मधे नट नसलेली पॉवर स्टेअरिंगची पुली कशी काढायची

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगची जुनी डिझेल गाडी आहे. पंपाच्या पुलीमागून तेल गळतंय, बेल्ट ओला होतोय आणि स्टेअरिंग कडेपर्यंत फिरवलं की किंचाळतोय. शाफ्टभोवतीचं रबरी सील बदलायचं म्हणून पुली काढायला घेतलीत, तर मधे नट नाही, बोल्ट नाही, नुसता गुळगुळीत हब, म्हणजे पुलीचा मधला जाड गोल भाग, आणि त्याच्या पोटात शाफ्टचं, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याचं टोक. तीन पायांचा पुलर पुलीच्या कडेला अडकवून आवळला. पुली जागची हलली नाही, कड मात्र वाकायला लागली. आता हातोड्याने ठोकावं की गॅसने तापवावं, असं विचारताय.

दोन्ही करू नका. पुलर उतरवून ठेवा आणि आणखी अर्धा फेराही आवळू नका. बहुतेक वेळा ही पुली गंजून जाम झालेली नसते. ती भलत्या ठिकाणी धरल्यामुळे येत नाही. जोर कुठून लागतो आणि कुठे जाऊन टेकतो, एवढं डोळ्यासमोर आणलं की पुढचं सगळं सोपं आहे. गाडीचं मॉडेल तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून जिथे गाडीप्रमाणे फरक पडतो तिथे तसं सांगत जाईन.

पुलीला हात लावण्याआधी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. तेल शाफ्टच्या सीलमधूनच गळतंय, हे कशावरून ठरवलंत? पंपाच्या आसपास तेल निघायच्या जागा बऱ्याच असतात. तेलाच्या डब्यातून येणाऱ्या पाइपाचा क्लिप ढिला असतो, प्रेशर पाइपच्या बोल्टखालचा वॉशर चेपलेला असतो, डबा पंपावरच असेल तर त्याची ओ-रिंग कडक झालेली असते. वरून ओघळलेलं तेल पुलीवर पडतं आणि पुली ते चारी बाजूंना उडवते. मग सगळंच ओलं दिसतं आणि दोष सीलवर येतो. पंप डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, कापडाने कोरडा पुसा, कोणाला तरी गाडीत बसवून इंजिन चालू ठेवा आणि स्टेअरिंग हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन बाजूने बघा, बाही आणि हात बेल्टपासून लांब ठेवून. सील गेलं असेल तर तेल शाफ्टभोवतीच उमटतं आणि पुलीच्या मागच्या तोंडावरून बाहेर फेकलं जातं, त्यामुळे आजूबाजूच्या भागांवर पुलीच्या रेषेत एक पट्टा दिसतो. वरून ओघळ येत असेल तर पाइप बघा. पुली काढायचं कारणच उरणार नाही.

दुसरी तपासणी इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून. पुली दोन्ही हातांनी समोरासमोर धरा आणि वरखाली डुलवून बघा. बेल्टच्या ओढीच्या दिशेने खुळखुळ जाणवली तर पंपाचा बुश किंवा बेअरिंग झिजलेलं आहे. अशा पंपात नवीन सील टिकत नाही, कारण सीलचा ओठ डुलणाऱ्या शाफ्टला पकडून राहूच शकत नाही. मी असा पंप फक्त सीलसाठी खोलायला घेत नाही. गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की पंप बदला किंवा पूर्ण ओव्हरहॉल करा. पण तरीही पुली काढावी लागतेच, कारण नवीन पंप बहुधा पुलीशिवाय येतो आणि जुनीच पुली त्यावर चढवायची असते. म्हणजे पंप भंगारात जाणार असला तरी पुली सांभाळून काढायला हवी.

तिसरी गोष्ट, पुली गाडीवरच काढायचा हट्ट सोडा. बऱ्याच गाड्यांत पुलीला मोठी भोकं असतात. पुली हाताने फिरवली की त्या भोकातून पंपाचे बोल्ट दिसतात आणि लांब एक्स्टेंशन लावून गोटी पान्याने (सॉकेटने) निघतात. पुलीसकट पंप बाहेर काढा आणि बाकीचं काम बाकावर व्हाइसमध्ये करा. रेडिएटरचा पंखा आणि पंप यांच्यात वीतभरही जागा नसते. तिथे पुलर सरळ बसत नाही, आणि पुलर तिरका बसला की सगळा खेळ बिघडतो. व्हाइसमध्ये धरताना पंपाचा ओतीव ब्रॅकेट किंवा जाड कान धरा. पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा धरलात तर तो चेपेल.

आता पुलीचे प्रकार. तुमचा प्रकार कोणता ते तुम्ही ओळखलंय, पण हे उत्तर दुसऱ्या कोणाच्याही कामाला येईल म्हणून थोडक्यात सांगतो. काही पुल्या पंपाच्या फ्लँजवर, म्हणजे चपट्या गोल तोंडावर, तीन-चार बोल्टनी बसवलेल्या असतात. त्यांचे बोल्ट बेल्ट चढवलेला असतानाच ढिले करायचे, म्हणजे पुली आपोआप धरून राहते. जुन्या होंडा सिटीसारख्या गाड्यांत मधे एक मोठा नट असतो. तोही बेल्ट ताणलेला असतानाच ढिला करायचा. नट असलेल्या कित्येक पंपांत शाफ्टवर अर्धचंद्राच्या आकाराची चावी असते. पुली येताना ती हमखास खाली पडते आणि इंजिनखालच्या पत्र्यात गायब होते, म्हणून खाली कापड अंथरा. काही डिझेल इंजिनांत पंप टायमिंगच्या गिअरवर चालतो, तिथे पुलीच नसते. आणि हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, तिथे हा सगळा विषयच येत नाही.

उरला तुमचा प्रकार, प्रेस फिट. यात हबचं भोक शाफ्टपेक्षा काही शतांश मिलिमीटरने लहान ठेवलेलं असतं आणि पुली कारखान्यात दाबून चढवतात. चावी नाही, नट नाही, नुसत्या धातूच्या पकडीवर ती पंप फिरवते. ओळखायची खूण सोपी आहे. हब पुढे नाकासारखा आलेला असतो आणि त्या नाकाभोवती एक खोल खाच असते. ती खाच शोभेची नाही. पुली काढायची जागा तीच. शाफ्टच्या टोकात बघितलंत तर बहुधा आटे असलेलं भोक दिसेल. ते पुली परत बसवण्यासाठी आहे. म्हणजे पुली कशी काढायची आणि कशी घालायची, हे बनवणाऱ्याने तिच्यावरच लिहून ठेवलंय.

आता जोराचा हिशेब करू. १२ मिलिमीटरच्या बोल्टवर ४० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, म्हणजे २५ सेंटिमीटर लांब पान्यावर साधारण १६ किलोचा जोर लावला, तर त्या बोल्टच्या टोकाशी दीड टनाच्या वर रेटा तयार होतो. तुमच्या तीन पायांच्या पुलरने हा रेटा पुलीच्या कडेवर तीन टिंबांवर टाकला. ती कड म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा दाबून आकार दिलेला पत्रा आहे. तो बेल्टची ओढ परिघाभोवती झेलायला बनवलाय, कडेला धरून उपसायला नाही. हब जिथे घट्ट बसलाय तिथपर्यंत तुमचा जोर पोचलाच नाही, वाटेतच पत्रा वाकवण्यात संपला. काही पुल्या कडक प्लास्टिकच्या असतात, त्या अशा वेळी वाकतही नाहीत, थेट तुकडा उडतो.

खाचेवर चालणारा खास पुलर मिळतो. त्यात दोन अर्धी कडी असतात. ती खाचेत दोन्ही बाजूंनी बसतात, वरून एक गोल बाही सरकवली की ती उघडू शकत नाहीत, आणि मधला बोल्ट शाफ्टच्या टोकावर दाबतो. हब बाहेर ओढला जातो आणि शाफ्ट तितक्याच जोराने आत दाबला जातो. दोन्ही जोर पुलरच्या अंगातच एकमेकांना भेटतात आणि तिथेच मिटतात. पंपाच्या आत काही जात नाही, पुलीच्या कडेवर काही येत नाही. म्हणून या पुलरने पुली अगदी शांतपणे, फेऱ्याफेऱ्याला मिलिमीटरभर सरकत बाहेर येते.

हातोडा का नको, तेही यावरूनच कळेल. कुदळीचा दांडा आपण ठोकून बसवतो, कारण तिथे दांडा मोकळा असतो आणि मागे नाजूक काही नसतं. इथे शाफ्टच्या मागे पंपाचं काळीज आहे. आत रोटर असतो, त्याच्या खाचांत पातळ पट्ट्या असतात, आणि रोटर दोन प्लेटांच्या मधे काही शतांश मिलिमीटरच्या फटीत फिरतो. ती फट इतकी बारीक आहे म्हणूनच हा एवढासा पंप ७० ते १०० बारचा दाब देऊ शकतो. शाफ्टवर घण घातला की धक्का रोटरला जागेवर धरणाऱ्या सर्कलिपवर आणि मागच्या प्लेटवर जातो. प्लेटवर ओरखडे उठतात, बेअरिंगच्या गोळ्यांचे ठसे पडतात. पुली कदाचित येईलही, पण पंप परत लावल्यावर घोंघावायला लागतो आणि दोष नव्या सीलवर किंवा तेलावर टाकला जातो. पुलीच्या मागून छिन्नी घालून ठोकणं हाही त्याचाच भाऊ. त्यात पंपाचं ॲल्युमिनिअमचं तोंड चेपतं आणि सील बसायची जागा बिघडते.

गॅसचं बघू. १९ मिलिमीटर भोकाचा पोलादी हब १०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक साधारण दोन शतांश मिलिमीटरने मोठं होतं. हा फायदा खरा आहे, पण तो फक्त हब तापला आणि शाफ्ट थंड राहिला तरच. ते दोघे घट्ट चिकटलेले, त्यामुळे मिनिटाभरात शाफ्टही तितकाच तापतो आणि फायदा संपतो. शिवाय मागे बोटभर अंतरावर रबराचं सील, आणि आजूबाजूला तुम्हीच सांगितलेलं गळकं तेल. पॉवर स्टेअरिंगचं तेल ज्वालेखाली पेट घेतं. गाडीवर असताना तर ही ज्वाला मनातही आणू नका. पंप बाकावर असेल, कोरडा पुसलेला असेल आणि पुलर लावूनही पुली अडूनच बसली, तर हॉट एअर गनने फक्त हबला मिनिटभर ऊब देऊन लगेच पुलर आवळा. मी एवढंच करतो. तेही पुलीत प्लास्टिक नसेल आणि सील बदलायचंच ठरलेलं असेल तरच.

आता पुलर कुठून आणायचा. तयार संच ऑनलाइन मिळतात. पण त्यातले बरेचसे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरच्या अमेरिकन पंपांसाठी बनवलेले असतात. जनरल मोटर्सच्या मिशिगनमधल्या सॅगिनॉ विभागाचे पंप तिकडच्या असंख्य गाड्यांत बसत, त्यांच्या जुन्या शाफ्टवर चावी आणि नट असे, पुढे प्रेस फिट पुली आली, आणि हे पुलर तिथून रुजले. त्यामुळे संचातली कडी तुमच्या खाचेत बसेलच असं धरू नका. मागवण्याआधी व्हर्निअर कॅलिपरने खाच मोजा आणि विकणाऱ्याला कड्यांची मापं विचारा. कडी खाचेत पूर्ण उतरली नाही आणि तुम्ही आवळत राहिलात तर हबच्या नाकाची कड सोलली जाते. एकदा ती कड गेली की पुली काढायचा सभ्य मार्ग बंद होतो.

तुम्ही सांगलीचे आहात असं लिहिलंय, म्हणून माझा सल्ला लेथवाल्याकडे जायचा आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा इकडे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कोणीही चांगला टर्नर हे काम आनंदाने करेल. मी स्वतः असे पुलर करून घेतो, कारण मापाचा पुलर कधी घसरत नाही. टर्नरला पुलीसकट पंपच नेऊन दाखवा, नुसती तोंडी मापं सांगू नका. ईएन-८ जातीच्या पोलादाच्या गोल सळईतून एक अखंड रिंग करायची. तिच्या खालच्या टोकाला आत वळलेली कड, जी हबच्या खाचेत बसेल, आणि वरच्या टोकाला तशीच दुसरी कड, जी मधल्या बॉडीच्या कॉलरला धरेल. खालच्या कडेचं भोक खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन दशांश मिलिमीटर मोठं आणि जाडी खाचेच्या रुंदीपेक्षा तितकीच कमी. रिंग पूर्ण तयार झाल्यावरच ती मधोमध कापून दोन भाग करायचे. आधी कापून मग टर्निंग करायला गेलं तर दोन्ही भाग कधीच जुळत नाहीत. बाहेरून सहज सरकेल अशी बाही. मधल्या बॉडीला १२ मिलिमीटरचे आटे, किमान १८-२० मिलिमीटर लांबीचे, आणि बाहेरून पाना धरायला दोन सपाट बाजू. बोल्ट १०.९ ग्रेडचा घ्या. साध्या बोल्टचे आटे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी चुरगळतात.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट टर्नरकडूनच करून घ्या. शाफ्टच्या टोकात आटे असतील तर पुलरच्या बोल्टचं टोक त्या भोकात घुसू नये. घुसलं तर पहिले दोन-तीन आटे दबतात आणि पुली परत बसवताना स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) जात नाही. म्हणून एक छोटी पोलादी चकती करून घ्या, भोकापेक्षा मोठी आणि शाफ्टपेक्षा किंचित लहान, वरच्या बाजूला बोल्टचं टोक बसेल असा उथळ खळगा. ती मधे ठेवून मगच दाबायचं. शाफ्टमध्ये आटे नसतीलच, तर पुली काढण्याआधी थांबा आणि तुमच्या पंपावर ती परत कशी बसवतात ते आधी शोधा. काढलेली पुली बसवताच आली नाही तर गाडी दारात उभी राहील.

काढण्याचा दिवस उजाडला की आधी माप घ्या. हबचं तोंड आणि शाफ्टचं टोक एका पातळीत आहे का, की हब आत किंवा बाहेर आहे, ते व्हर्निअरने मोजून कागदावर लिहा. पुलीच्या रेषेवर आख्खी बेल्टची वाट ठरते, आणि एकदा पुली निघाली की ते माप पुन्हा मिळत नाही. बेल्टचा मार्गही काढण्याआधी मोबाइलवर टिपून ठेवा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पंपातलं तेल काढून घ्या, पाइपांची तोंडं स्वच्छ कापडाने बंद करा. पंप व्हाइसमध्ये घेऊन कडी खाचेत बसवा, बाही पूर्ण खाली सरकवा, बोल्टच्या आट्यांना आणि टोकाला ग्रीस लावा. एका पान्याने पुलरची बॉडी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने बोल्ट फिरवायचा. इम्पॅक्ट गन लावू नका. हाताला जे कळतं ते गनला कळत नाही. सुरुवातीला जोर लागेल, मग एक कट्ट आवाज येईल आणि नंतर जोर सारखा, एका लयीत लागत राहील. लय तुटली, एकदम जड लागलं, तर कडी तिरकी झाली आहे. सैल करून परत बसवा.

पुली हातात आल्यावर तिच्याकडे नीट बघा, कारण तुमची कड आधीच वाकलेली आहे. टर्नरला ती लेथवर हबच्या भोकातून मँड्रेलवर (भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) धरायला सांगा आणि हळू फिरवून कडेजवळ डायल गेज (डुलणं मोजायचं घड्याळ) लावून बघा. डोळ्याला दिसेल इतकी डुलत असेल तर ती पुली टाकून द्या. पकडीने सरळ केलेली पुली मी कधीही गाडीला लावत नाही. एकच लांब बेल्ट पंप, अल्टरनेटर आणि वॉटर पंप असं सगळं फिरवत असेल, तर डुलणारी पुली तो बेल्ट कडेला खात जाते आणि एक दिवस फेकून देते. मग स्टेअरिंग जड होतं, चार्जिंग बंद पडतं, इंजिन तापतं. त्यात कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. म्हणजे आंबा घाट उतरताना बेल्ट गेला तर जड स्टेअरिंगबरोबर ब्रेकही दगडासारखा होतो. पुलीच्या किमतीची आणि या धोक्याची तुलनाच होत नाही.

पुली निघाल्यावर शाफ्टवर नखं फिरवून बघा. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख अडकेल अशी रेघ पडली असेल तर नवीन सील फार दिवस टिकणार नाही. रेघ बारीक असेल आणि सील बसतं त्या घरात जागा असेल तर सील मिलिमीटरभर आत-बाहेर बसवून ओठ ताज्या जागी आणता येतो. पण सीलमागे तेल परत जायचं भोक असतं, ते झाकलं जाऊ नये. ते झाकलं तर सीलमागे दाब साठतो आणि सील पहिल्याच दिवशी बाहेर येतं. सील बसवताना त्याच्या बाहेरच्या कडेवर बसेल अशी पान्याची गोटी वापरा, ओठावर ग्रीस लावा, आणि शाफ्टच्या टोकाला प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळून त्यावरून सील सरकवा, म्हणजे ओठ चिरत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर गळती नक्की करा, शाफ्टची खुळखुळ बघा, पंप पुलीसकट बाहेर काढा, हबची खोली लिहून ठेवा, आणि मग खाचेला धरूनच ओढा. आता बसवायचं, आणि माझ्या अनुभवात पंप काढताना बिघडतात त्यापेक्षा जास्त बसवताना बिघडतात.

पुली ठोकून चढवायची नाही, आणि प्रेसखाली पंपाच्या पाठीला टेकू देऊनही दाबायची नाही. दोन्हीत रेटा रोटरमधून जातो. इथे उलटा मार्ग घ्यायचा. शाफ्टमधल्या आट्यांच्या मापाचा १०.९ ग्रेडचा स्टड शाफ्टमध्ये हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा. दोन-तीन आट्यांवर अडकवून जोर दिलात तर शाफ्टचेच आटे निघून येतील. स्टडवर पुली, पुलीच्या हबवर जाड वॉशर, त्यावर थ्रस्ट बेअरिंग (सरळ दाब झेलणारं चपटं बेअरिंग), त्यावर लांब नट. १० मिलिमीटरच्या स्टडला ५११०० नंबरचं थ्रस्ट बेअरिंग चपखल बसतं आणि ते कुठेही मिळतं. स्टडचं टोक पान्याने धरून ठेवा आणि नट फिरवा. शाफ्ट बाहेर ओढला जातो, पुली आत दाबली जाते, आणि पुन्हा दोन्ही जोर एकमेकांतच मिटतात. बेअरिंगशिवायही नट फिरतो, पण मग अर्धा जोर घासण्यातच जातो आणि स्टड पिळवटतो. सुरुवातीला हब आणि शाफ्ट स्वच्छ पुसून तेलाचा एक थेंब लावा आणि पहिला फेरा देताना पुली सरळ आहे का ते बाजूने बघा. तिरकी सुरू झालेली पुली पुढे सरळ होत नाही, उलट शाफ्टला ओरबाडत जाते.

कुठे थांबायचं? तुम्ही लिहून ठेवलेल्या मापावर. अमेरिकन पंपांवर साधारण नियम असा असतो की हबचं तोंड आणि शाफ्टचं टोक एका पातळीत हवं, फरक पाव मिलिमीटरच्या आत. पण तुमच्या पंपावर मूळ माप वेगळं असेल तर तेच खरं. बसवल्यावर पंप गाडीला लावून बेल्टच्या शेजारच्या पुलीवर सरळ पट्टी धरा आणि दोन्ही पुल्यांची तोंडं एका रेषेत आहेत का बघा. आणि पुली सहज, विशेष जोर न लावता चढली तर खूश होऊ नका. प्रेस फिटची पुली दर वेळी काढल्यावर थोडी थोडी पकड सोडते. तीच पुली याआधीही कोणी काढलेली असेल तर ती सैल बसू शकते आणि धावताना शाफ्टवर सरकू शकते. अशा वेळी लॉकटाइट (धातूला धातू चिकटवणारा द्रव) टाकून काम चालवण्यापेक्षा नवीन पुली घ्या.

तेल भरताना डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच भरा. बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन जातीचं ट्रान्समिशन ऑइल चालतं, काहींना वेगळं पॉवर स्टेअरिंग फ्लुइड लागतं. दोन्ही एकमेकांत मिसळू नका. पुढची चाकं जॅक लावून स्टँडवर उचला, इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवा आणि डब्यातली पातळी राखत राहा. मगच इंजिन सुरू करा. तेलात फेस दिसला तर इंजिन बंद करून फेस बसेपर्यंत थांबा. कोरड्या पंपाला चालू इंजिनवर हवा खायला लावली तर नुकतंच वाचवलेलं सगळं तिथे घासून जातं. स्टेअरिंग कडेला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. तेलात भिजलेला जुना बेल्टही परत लावू नका. तेल रबरात मुरतं आणि वरून कितीही पुसलं तरी तो घसरतच राहतो. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर बॉनेट उघडून पुलीची खोली आणि बेल्टची कड पुन्हा एकदा बघा.

तुमच्याकडून मला चार मापं हवीत. हबच्या नाकाचा बाहेरचा व्यास, खाचेच्या तळाचा व्यास, खाचेची रुंदी आणि शाफ्टमधल्या भोकाच्या आट्यांचा आकार. गाडीचं नाव आणि वर्षही लिहा. ती कळवलीत तर टर्नरला काय सांगायचं ते मापांसकट लिहून देतो.